पूर उतरला म्हणजे रस्ता सुटला असं नाही

संपादक साहेब, नमस्कार.

मी शिरोळ तालुक्यातला. 2005, 2019, 2021 असे तीन महापूर बघितले, आणि दरवेळी तेच बघतोय. पाणी उतरलं की दुसऱ्या दिवशी जेसीबीनं गाळ काढायचा, खड्ड्यात खडी टाकायची, झालं, रस्ता चालू. वरनं डांबर काळंभोर दिसतंय म्हणजे रस्ता चांगला, असं सगळे धरून चालतात. पण खरा मार खाली बसलेला असतो हो.

डांबर म्हणजे नुसती वरची साल, ट्रकचं वजन पेलतात ते खालचे खडी-मुरुमाचे थर आणि त्याखालची माती, आणि आमच्याकडं ती काळी माती, भिजली की फुगते नि लोण्यासारखी मऊ होते. डिझाइन करताना मातीचा नमुना 4 दिवस पाण्यात ठेवून ताकद मोजतात हे खरं, पण 2019 ला कितीतरी रस्ते त्याहून जास्त दिवस पाण्यात होते, शिरोलीजवळ पुणे-बंगळूर हायवेसुद्धा बरेच दिवस बंद होता. आणि या मातीत पाणी हळू मुरतं नि निघायला त्याहून जास्त वेळ घेतं. तेवढ्यात वरनं जड गाडी गेली की आतलं पाणी दाबानं भेगांतनं वर येतं, सोबत बारीक माती घेऊन येतं, खाली पोकळी होते, खडीवरचं डांबर सुटतं. मग दोन महिन्यांनी मगरीच्या पाठीसारख्या भेगा दिसल्या की सगळे म्हणतात ठेकेदारानं खाल्लं. कधी खातोही, पण दरवेळी तेच कारण नसतं.

2005 च्या कतरिना वादळानंतर अमेरिकेत न्यू ऑर्लिन्स भागातले बुडालेले आणि न बुडालेले रस्ते मोजून बघितले, तर बुडालेले डांबरी रस्ते साधारण 2 इंच डांबराचा थर काढून घेतल्याएवढे कमजोर झालेले निघाले. वरनं बघून हे कुणाला कळलं असतं का?

आणि आमचं दुखणं वेगळंच, जुलै-ऑगस्टात पूर आणि दिवाळीच्या आगंमागं गळीत हंगाम! ओली माती पुरती वाळायच्या आत उसाच्या डबल ट्रॉल्या सुरू. चाकावरचं वजन दीडपट झालं तर रस्त्याचं नुकसान दीडपट नाही, साधारण पाचपट होतं, हे इंजिनिअर लोकांना चांगलं माहीत आहे.

म्हणून कळकळीची विनंती, पूर उतरल्यावर बुडालेल्या रस्त्यावरनं काही आठवडे जड वाहनं बंद ठेवा किंवा वजनाची मर्यादा घाला, शेतकऱ्याला थोडा वळसा पडेल, मलाही पडेल, चालेल. कार्पेट, म्हणजे डांबराचा नवा थर, टाकायच्या आधी बेंकलमन बीमनं रस्ता किती दबतोय ते मोजा, उपकरण काय नवीन नाही. साईडपट्टीच्या चाऱ्या उघड्या करा, आतलं पाणी निघायला वाट तरी पाहिजे. आणि पुलाकडं चढणारे भराव सगळ्यात आधी तपासा, तिथला मुरूम आतनं वाहून गेलेला असतो आणि वर डांबर तसंच अधांतरी राहतं, एसटीतनं जाणाऱ्या पोरांना ते दिसत नाही.

– एक वाचक, ता. शिरोळ, जि. कोल्हापूर