सूचना : डिसेंबरात मुलांकडे जर्मनीला जाणाऱ्या सभासदांसाठी

नमस्कार,

नाताळच्या सुमारास जर्मनीला जाणाऱ्यांची बैठक येत्या रविवारी सकाळी 10 वाजता गंगापूर रोडच्या आपल्या नेहमीच्या जागी आहे. तिथे राहून आलेल्यांनीही जरूर यावे, नवख्यांना त्यांचाच खरा आधार वाटतो.

तिथला मुख्य सोहळा 24 डिसेंबरच्या संध्याकाळी, घरच्या घरी असतो. त्या दिवशी दुकाने दुपारीच बंद होतात, 25 आणि 26 ला सार्वजनिक सुट्टी असते. दूध, भाजी, औषधे 23 लाच आणून ठेवा. नातवंडे असतील तर 5 तारखेच्या रात्री त्यांच्यासोबत बूट पुसून दाराबाहेर ठेवा. सकाळी त्यांत निकोलाउसचा, म्हणजे मुलांना खाऊ देणाऱ्या संताचा, खाऊ सापडतो. हा आनंद चुकवू नका! नाताळच्या बाजारात मिळणारी गरम ग्लूवाइन म्हणजे दारूच. न घेणाऱ्यांनी किंडरपुन्श, म्हणजे बिनदारूचे गरम पेय, मागावे. पेयाच्या मगसाठी घेतलेली अनामत तो मग परत केल्यावर मिळते.

शेजाऱ्यांसाठी नाशिकचे बेदाणे न्या. पेढे, तूप नको. दुधाचे पदार्थ सामानातून नेण्यास युरोपीय संघात बंदी आहे.

येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत ग्रुपवर नाव कळवावे.

– कार्यवाह