मागच्या दाराने ये म्हणणाऱ्या आजींना

आजी, हे पत्र तुम्हाला वाचता येणार नाही हे माहीत आहे. पण तुमच्यासमोर आलो की माझ्या तोंडून 'थँक यू मॅम'च्या पुढे काही निघतच नाही आणि पोटात आहे ते सगळं मराठीत आहे, म्हणून इथे लिहून मोकळा होतोय. नातवाच्या फोनवर भाषांतर करून घेतलंत तर घ्या, फक्त मशीनने त्याची काय वाट लावली ते मला सांगू नका.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. मी कॅन्ससमध्ये विचिटाला असतो, नोकरी कॉम्प्युटरची आणि नाद कायोटीच्या, म्हणजे इथल्या कोल्ह्यासारख्या रानटी जनावराच्या, शिकारीचा. शिकार म्हटलं की आपली अर्धी मंडळी नाक मुरडणार, भारतात वन्यजीव कायद्याने जवळजवळ सगळं बंदच आहे म्हटल्यावर ते साहजिकही आहे. इथे मात्र कायोटीला सीझन नाही, लिमिट नाही, लायसन काढलं की वर्षभर मोकळीक. अडचण वेगळीच आहे. या राज्यातली जवळजवळ ९८ टक्के जमीन खाजगी. म्हणजे बंदूक आहे, लायसन आहे, जनावरंही आहेत, फक्त पाय ठेवायला जागा नाही. दारोदार जाऊन विचारायचं. कुंपणाच्या खांबाला जांभळा रंग फासलेला दिसला की समजायचं, लेखी परवानगी असेल तरच आत.

आता माझ्यासारखा सावळा, दाढीवाला माणूस शनिवारी सकाळी कुणाच्या अंगणात गाडी लावून 'तुमच्या रानात बंदूक घेऊन येऊ का' असं विचारतो, तेव्हा काय होतं ते आजी तुम्हाला मी कधी सांगितलं नाही. नाही म्हणणाऱ्यांबद्दल माझी काहीच तक्रार नाही, जमीन त्यांची, कुणी हरणाच्या शिकारीसाठी ती आधीच भाड्याने दिलेली असते, कुणाचं फाटक मागे कुणीतरी उघडं टाकून गेलेलं असतं आणि गाई हायवेवर निघालेल्या असतात, त्याला राग येणारच. राग मला येतो तो गोड बोलणाऱ्यांचा. बंदुकीच्या दुकानातला एक जण, 'माझ्या भावाचं रान तुझंच समज' म्हणाला, नंतर फोनच उचलेना. दुसरा तर फोनवर अगदी हसूनखेळून हो म्हणाला होता, कुठून यायचं, गाडी कुठे लावायची, सगळं सांगितलं, आणि मी जाऊन उभा राहिलो तर जाळीच्या दाराआडून मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाला, यंदा नको. यंदा म्हणजे काय रे बाबा, कालपर्यंत तर होतं! आपली माणसंही काही कमी नाहीत. पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, हा विषय निघाला की हशा ठरलेला, 'अरे तुला कोण बंदूक घेऊन शेतात सोडणार'. बायको हसायची नाही, ती नुसती मी घरी येईपर्यंत जागी असायची, त्याचंच जास्त वाईट वाटायचं.

तर अशा सगळ्या वैतागात तुमच्याकडे आलो. फ्लिंट हिल्स या कॅन्ससच्या गवताळ टेकड्यांमधला तो रस्ता, मातीखाली नुसती चुनखडी आणि गारगोटी, नांगर चालत नाही म्हणून गवत टिकलं, नाहीतर तिथेही मकाच दिसला असता. मॅपवर मालक म्हणून तुमच्या मिस्टरांचं नाव होतं. मी पुढच्या दारावर टकटक केलं आणि त्यांना भेटायचंय म्हटलं, तर तुम्ही म्हणालात, ते गेले, आता मलाच विचारावं लागेल. मग मी विचारलं. तुम्ही हो पण म्हणाला नाहीत आणि नाही पण. जॅकेट चढवलंत, मला घेऊन कुरणाच्या फाटकाशी गेलात आणि म्हणालात, हे उघड, मग लाव.

ज्यांनी ते फाटक लावलं नाहीये त्यांना कळणार नाही. लोखंडी दार नव्हे, काटेरी तारांच्या चार-पाच ओळी, शेवटी एक काठी, ती काठी खालच्या कडीत बसवायची आणि वरून खांबाचा तारेचा फास काठीवर चढवायचा. सोपं वाटतं. तार एवढी ताणलेली की खांबाला मिठी मारून खांद्याने रेटावं लागतं, तेव्हा कुठे फास काठीवर बसतो. माझा शर्ट फाटला, तुम्ही खिशात हात घालून बघत उभ्या. लागलं एकदाचं. मग तुम्ही एवढंच सांगितलंत की जे फाटक बंद दिसेल ते बंद ठेव आणि उघडं दिसेल ते उघडंच राहू दे, गाईंचा पाण्याचा रस्ता तिथून असतो.

त्या दिवसांत तुमच्याकडे गाई वीत होत्या. वासरामागून वार (गर्भाची झिल्ली) पडली की वासाने कायोटी येतात, बहुतेक वेळा तेवढंच खाऊन जातात, पण एखादं अशक्त वासरू अजून उभं राहिलेलं नसतं, तेव्हा ते जातं. तुमचं आठवड्यापूर्वी गेलं होतं. तरी तुम्ही शिव्या घातल्या नाहीत. म्हणालात, उंदीर-ससे खाऊन राहतात तोवर माझं काही म्हणणं नाही, ते माझ्या आधीपासून इथे आहेत, फक्त विणाऱ्या गाईंच्या कुरणातून लांब ठेव. माझ्या आजोळी जतकडे लांडग्याने कोकरू नेलं की धनगर असंच बोलायचे, संताप असायचा पण वैर नसायचं. मला तिथे उभ्या उभ्या आजोळच्या वाघरी, मेंढ्यांभोवती लावायच्या त्या जाळ्या, आठवल्या.

मग तुम्ही चिठ्ठी लिहून दिलीत, खाद्याच्या बिलाच्या पाठीवर. माझं नाव एकेक अक्षर विचारून पूर्ण लिहिलंत. ती चिठ्ठी अजून पाकिटात आहे. पण खरं सांगायचं तर चिठ्ठीपेक्षा तुम्ही निघताना जे बोललात ते मनात राहिलंय. मी गाडीकडे वळलो होतो, तुम्ही मागून हाक मारलीत, पुढचं दार विक्रेत्यांसाठी असतं, ओळखीचं कुणी तिथून येत नाही, पुढच्या वेळी मागच्या दाराने ये. बस, एवढंच. तुमच्यासाठी ती घरातली साधी सूचना असेल. माझ्या आईच्या घरी परसदाराने यायची ती शेजारची काकू, वाटीभर विरजण मागायला, आणि मामा. पुढच्या दाराने पोस्टमन आणि पाहुणे. एवढी वर्षं या देशात काढली, घर घेतलं, टॅक्स भरतोय, पण मागच्या दाराने ये असं मला इथे कुणी म्हटलं नव्हतं. गाडीत बसलो आणि बराच वेळ चावीच फिरवली नाही. बायकोला फोन केला तर तिला वाटलं काहीतरी झालं.

आजी, चांगुलपणा म्हणजे काही फार मोठं काम नसतं हो. वारीच्या वाटेवरच्या गावांत लोक अनोळखी माणसांना ओसरी झोपायला देतात, तू कोण, कुठला, कोणी विचारत नाही, सकाळी उठून पाणी तापवून देतात. मी लहानपणी ते बघितलंय आणि मला वाटायचं हे फक्त आपल्याकडेच होतं. आपल्याकडेही आता किती होतं कोण जाणे, सोसायटीच्या गेटवर पाण्याची बाटली मागितली तरी आधी रजिस्टरमध्ये एंट्री करायला लावतात. असो, विषय भरकटला.

एक गोष्ट मात्र तुम्हाला मुद्दाम सांगायची होती. फेब्रुवारीत त्या सकाळी ओढ्याकडून एक मोठा नर आला होता, सशाच्या ओरडण्याचा आवाज लावला होता त्याला भुलून, वारा हुंगत गोल फिरून माझ्या बाजूला आला, एकदम टप्प्यात. पण त्याच्या मागे उतारावर तुमच्या काळ्या गाई होत्या, म्हणून चाप ओढला नाही. तुम्हाला तेव्हा नुसतं 'आज काही नाही मिळालं' म्हणालो, कॉफी पिऊन आलो. नंतर मिळाले, ते तुम्हाला माहीतच आहे, शेजारच्या त्या रँचरनेही, म्हणजे गाईंचं कुरण असलेल्या मालकानेही, मग आपणहून बोलावलं, 'तिच्याकडे येतोस ना, मग माझ्याकडेही ये' म्हणाला. तुमच्या नावावर मी आता त्या अख्ख्या रस्त्यावर फिरतोय. जो यंदा नको म्हणाला होता त्याचं रानही त्याच रस्त्याला आहे. परवा त्याने गाडी बघून हात केला. मीही केला, काय करणार.

वसंतात गवत जाळायच्या वेळी माणूस कमी पडतो असं तुम्ही म्हणाला होतात. मी येईन, पाण्याचा पंप घेऊन गाडीमागे उभं राहायचं काम मला जमेल. फक्त वारा बघून दिवस ठरला की आदल्या दिवशी कळवा, ऑफिसात रजा टाकावी लागते.