क्ल्युनीचा उरलेला हात

क्ल्युनी, फ्रान्स

प्रिय मित्रा,

‘नुसते फोटो पाठवू नकोस, नीट लिही,’ असा तुझा हुकूम होता. अरे, फोटो काढायला इथे उरलंय काय! एके काळी ख्रिस्ती जगातलं सर्वांत मोठं असलेलं चर्च बघायला आलो, तर त्याच्या पोटातून गावचा रस्ता गेलेला. मी मनातल्या मनात खांब मोजत उभा, आणि मागून सायकलवाला घंटी वाजवतोय.

९१० साली अक्विटेनचा ड्यूक विल्यम याने ही जागा मठासाठी बेनेडिक्टपंथी, म्हणजे संत बेनेडिक्टच्या नियमांनी राहणाऱ्या ख्रिस्ती साधूंना दिली. दानपत्र मोठं झकास आहे. राजा, बिशप, खुद्द माझे वारस, कुणाचीही सत्ता इथे चालणार नाही, असं लिहून मठ त्याने संत पीटर आणि संत पॉल यांच्या नावे केला. म्हणजे कागदोपत्री मालक स्वर्गात! ढवळाढवळ करणार कोण? पुढे शेकडो मठ क्ल्युनीच्या छत्राखाली आले.

१०८८ मध्ये मठाधिपती ह्यू यांनी इथलं तिसरं चर्च, तेच ते सर्वांत मोठं, बांधायला घेतलं. पैशाची गंमत ऐक. स्पेनमधल्या लेऑन-कॅस्टिलचा राजा अल्फोन्सो सहावा तिथल्या मुसलमान राज्यांकडून खंडणी घ्यायचा, त्यातलं सोनं इथे यायचं. लांबी १८७ मीटर, छत तीसेक मीटर उंच. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर, १७९८ साली ते विकलं गेलं, आणि घेणाऱ्यांनी दगडांसाठी पाडायला काढलं. पाडायलाही पंचवीस वर्षं लागली.

क्रुसाच्या आकाराच्या त्या इमारतीचा दक्षिणेकडचा एक हात तेवढा उभा आहे, वर अष्टकोनी मनोरा. आत मान वर करून बघताना टोपी पडली. हात एवढा, तर अंग केवढं असेल!

तू गाणारा, म्हणून खास तुझ्यासाठी: मठाच्या धान्यकोठारात, उपड्या होडीसारख्या लाकडी छताखाली, चर्चच्या खांबांची कोरीव शीर्षं मांडलीत. त्यांतल्या दोन शीर्षांवर मिळून साधूंच्या गायनाचे आठ स्वरप्रकार कोरलेत, प्रत्येकाची एकेक आकृती. एकजण तंतुवाद्य छेडतोय. मला आपली रागमालेची चित्रंच आठवली. तू असतास तर हललाच नसतास.

बाकीचे दगड कुठे गेले? नेपोलियनच्या काळात त्यांतून घोड्यांची पागा बांधली. ती शाबूत आहे. जाता जाता तिच्या भिंतीला हात लावला, तेवढ्यात आतून घोडा खिंकाळला.

काकूंना नमस्कार सांग.

तुझाच,
भटक्या