आईच्या पाटल्या आणि इस्टलीचं सोनं

नैरोबी, रविवार

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

बाबा, बुधवारी फोनवर तुम्ही म्हणालात, "दादाच्या फ्लॅटच्या पहिल्या हप्त्याला थोडे कमी पडताहेत, पण आईची मोहनमाळ आहेच घरात." मागे आई होती, पण ती काहीच बोलली नाही. तिचं ते गप्प राहणं चार दिवस डोक्यातून जात नाहीये. फोनवर हे मला धड बोलता येणार नाही, म्हणून लिहितेय. आईचा नवा चष्मा अजून आला नसेल तर तुम्ही तिला मोठ्याने वाचून दाखवा.

औषधांच्या ऑर्डरी घ्यायला मी इस्टलीत जाते, ती सोमाली लोकांची पेठ, तुम्हाला सांगितलं होतं. इंग्रजांच्या काळात तिथे आपली भारतीय कुटुंबंही राहायची. तिथल्या एका औषधाच्या दुकानाच्या मालकीणबाई आहेत, पन्नाशी उलटलेल्या. मी त्यांना एद्दो म्हणते. एद्दो म्हणजे आत्या. आपल्यासारखंच त्यांच्यातही मोठ्या बाईला नात्याने हाक मारतात.

गेल्या महिन्यात त्यांच्या भाचीचं लग्न ठरलं आणि सोनं घ्यायला त्या मलाही घेऊन गेल्या. अरुंद जिन्याच्या मॉलमध्ये ओळीने पिंजऱ्याएवढी दुकानं, काचेमागे दुबईहून आलेलं २१ कॅरेटचं पिवळंधमक सोनं. आई, तू असतीस तर तासभर हलली नसतीस. एद्दोंनी बांगडी उचलली, आधी तळहातावर तोलली, डोळे मिटले आणि वजन सांगितलं. मग दुकानदाराने काट्यावर ठेवली. अर्ध्या ग्रॅमचा फरक! घडणावळीवरून घासाघीस झाली, चहा आला, पुन्हा घासाघीस झाली. पावती घडी करून त्यांनी भाचीच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "ही तुझ्याजवळ ठेव, नवऱ्याजवळ नाही." नवरा मुलगा तिथेच उभा होता. त्याने नुसती मान हलवली. त्यात त्याला काही वावगं वाटलं नाही.

त्यांच्या लग्नात वराकडून दोन वेगवेगळी देणी असतात. एक यरद, ते मुलीच्या घरच्यांना जातं. पूर्वी ते उंटांत मोजायचे. दुसरं मेहेर, ते फक्त मुलीचं. निकाहाच्या वेळी साक्षीदारांसमोर ते किती, हे बोललं जातं. रोख असेल, सोनं असेल. लगेच दिलं नाही तर नवऱ्याच्या डोक्यावर ते कर्ज राहतं, आणि तलाक झाला किंवा तो वारला तरी बायकोचा त्यावर हक्क असतो. सोन्याला ते दहब म्हणतात. दहबो हे मुलींचं नावही आहे, आपल्या सुवर्णासारखं.

मी एद्दोंना विचारलं, बायकांच्या सोन्याला एवढा मान का? त्या म्हणाल्या, उंट कुणाचे ते बघ. उंट कुळाचे, त्यांच्या अंगावर कुळाची डागलेली खूण आणि कारभार पुरुषांचा. बायकांच्या राखणीत शेळ्या-मेंढ्या. वारशातही मुलीला मुलाच्या निम्मा वाटा. मग जे तिच्या अंगावर आहे, तेच तिचं. रानात फिरणाऱ्या बायका पूर्वी चांदी आणि अंबराचे मणी घालायच्या, आणि गळ्यात हिरसी, म्हणजे कुराणातल्या आयती ठेवलेला ताईत. सोनं शहरात रुळलं. सोमालियाची राजधानी मोगादिशू, तिथल्या हमर वेने भागात सोनारांची दुकानं होती, तिथे एद्दोंच्या आईने एकेक बांगडी जमवली होती.

१९९१ मध्ये सोमालियाचे हुकूमशहा सियाद बारे यांचं सरकार कोसळलं. बँका बुडाल्या, नोटांची किंमत गेली. एद्दो तेव्हा १९ वर्षांच्या होत्या. आईने सात बांगड्या परकराच्या नेफ्यात शिवल्या आणि मायलेकी धाकट्या भावाला घेऊन निघाल्या. अफगोयेजवळ ट्रकात जागा मिळवायला एक बांगडी गेली. वाटेत बंदुकवाल्यांनी अडवलं तिथे दोन गेल्या. किसमायोत भावाच्या तापाला एक. लिबोईला केनियाची हद्द ओलांडली तेव्हा तीन उरल्या होत्या. त्या तीन विकून इस्टलीत एका लॉजच्या खोलीत कापडाचं दुकान मांडलं. कापड पलंगावर, माणसं पलंगाखाली. तेव्हा इस्टलीत बऱ्याच जणांनी असाच धंदा सुरू केला, म्हणाल्या. हे सांगताना त्या उजव्या हाताच्या मनगटावरून बोट फिरवत होत्या, एक, दोन, तीन, जणू बांगड्या अजून तिथेच आहेत.

आणि मला तुझं मनगट दिसलं, आई.

२००३ साली मला बी.फार्मला प्रवेश मिळाला तेव्हा तुझ्या पाटल्या विकल्या. जळगावच्या सराफ बाजारात बाबा तुला न घेताच गेले, सायकलवर मागे मी होते. संध्याकाळी तू पोळ्या लाटत होतीस, आणि पाटल्यांच्या जागी मनगटावर दोन पांढुरके पट्टे होते, ऊन न लागलेले. मी बघितलं आणि काही बोलले नाही. बाबा म्हणाले, दिवाळीला करू. त्यानंतर बावीसहून जास्त दिवाळ्या झाल्या.

बाबा, माझा तुमच्यावर राग नाही. तुम्ही स्वतःसाठी एक शर्टही घेतला नव्हता त्या वर्षी, हे मला माहीत आहे. पण तुम्ही आईला विचारलं होतं का? मी पण विचारलं नाही. आपल्या घरात कुणीच विचारलं नाही, कारण सोनं "घरातलं" होतं. स्त्रीधन हा शब्द आपल्याकडेही आहे, १९५६ चा हिंदू वारसा कायदाही आहे, ज्याने बाई आपल्या मालमत्तेची पूर्ण मालक झाली. ती मोहनमाळ आजीने आईला दिली, आईच्या नावाने.

आईने माळ दादाला द्यावी असं तिला वाटलं तर जरूर द्यावी. एद्दोंकडच्या बायकाही देतातच. स्वातंत्र्याच्या चळवळीत सोमाली यूथ लीग या संघटनेसाठी बायकांनी दागिने विकले. त्याच चळवळीतल्या, १९४८ मध्ये मोगादिशूत मारल्या गेलेल्या हावो ताकोंची मूर्ती तिथे आहे. पण त्या बायकांनी दागिने स्वतःच्या हाताने काढून दिले. माझं एवढंच म्हणणं आहे. बाबा, समोर बसून विचारा, आणि ती "तुम्ही म्हणाल तसं" म्हणाली तर पुन्हा विचारा.

दादाशी मी बोलते. कमी पडतील ते मी आणि तो मिळून बघू.

आता दुसरं. एद्दोंच्या हगबादमध्ये मी दीड वर्षापासून आहे. आयूतोही म्हणतात. आपली भिशीच, फक्त लिलाव नाही आणि व्याजही नाही. ज्या बाईला घरी अडचण असेल तिचा नंबर आधी, बाकीच्यांच्या चिठ्ठ्या. आम्ही वीसजणी आहोत, महिन्याला प्रत्येकीचे १०,००० शिलिंग. पुढच्या महिन्यात पाळी माझी आहे. सगळ्याजणींना मी सांगितलंय की मला आईसाठी सोनं घ्यायचंय, तर पैसे हातात पडायच्या आधीच दोघी-तिघी सोबत यायला तयार झाल्या. तेव्हाच्या वजनाच्या पाटल्या यात होणार नाहीत, आताचा भाव तुम्हाला ठाऊकच आहे. एक बांगडी होईल, भरीव.

मला माप लागेल. अंगठा आत घेऊन हाताचा रुंद भाग दोऱ्याने मोज आणि दोरा कागदावर चिकटवून फोटो पाठव, बाजूला पट्टी ठेव. सांधे सकाळी सुजलेले असतात ना तुझे, तेव्हाच मोज, म्हणजे बांगडी कधी अडकणार नाही. पावती तुझ्या नावाची असेल.

तुमची लेक