सोलापुरातच का नाही?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

सीए इंटरचा, म्हणजे सीएच्या मधल्या परीक्षेचा, निकाल लागला की आठवड्याभरात आर्टिकलशिपसाठी, म्हणजे सीएच्या हाताखालच्या प्रशिक्षणासाठी, मुलं-मुली आमच्या ऑफिसात येऊ लागतात. पूर्वी ही मुलं स्टायपेंड आणि परीक्षेची रजा एवढंच विचारायची. आता पहिलाच प्रश्न असतो, "सर, तुमच्याकडे ट्रान्सफर प्रायसिंग आहे का? फॉरेन्सिक?" (पहिलं म्हणजे एकाच समूहातल्या कंपन्यांच्या आपसांतल्या व्यवहारांच्या किमती तपासणं, दुसरं म्हणजे हिशेबातले गैरव्यवहार शोधणं.) नाही म्हटलं की हुतात्मा एक्स्प्रेसने पुणं गाठायची तयारी झालेलीच असते.

यात मुलांचं फार चुकतं असं मला वाटत नाही. १ जुलै २०२३ पासूनच्या नव्या योजनेत आर्टिकलशिप तीन वर्षांवरून दोन वर्षांवर आली. त्यातही बँक स्टेटमेंटवरून टॅलीत एन्ट्र्या मारणं आणि जीएसटी रिटर्न भरणं एवढंच पदरात पडणार असेल, तर एखाद्या विषयात लवकर हात बसावा असं कुणालाही वाटेल. आपल्याकडच्या बऱ्याच ऑफिसांत तेवढंच पदरात पडतं, हे आम्ही सीए मंडळींनी मान्य करायला हवं. माझं म्हणणं आहे ते खास काम कधी करावं आणि कुठे करावं, याबद्दल.

मोठ्या फर्मच्या ट्रान्सफर प्रायसिंग विभागात नव्या आर्टिकलच्या वाट्याला बहुधा डेटाबेसमधून तुलनेजोग्या कंपन्या गाळून काढण्याचं काम येतं. काम बारकाईचं आहे. पण ज्याने एकही ताळेबंद स्वतः जुळवलेला नाही, त्याला एखाद्या कंपनीचा नफा यंदाच का फुगला हे नुसत्या आकड्यांवरून कसं उमगणार? परीक्षेचा रोखही आता तोच आहे. फायनलचा ऐच्छिक पेपर गेला, आणि सहावा पेपर सगळे विषय एकत्र आणणाऱ्या केस स्टडीचा झाला. म्हणून पहिलं वर्ष सगळ्या कामांत घालवावं आणि खास विषय दुसऱ्या वर्षी धरावा.

आता जागेचा प्रश्न. फॉरेन्सिक शिकायला मुंबईच लागते, हे मला पटत नाही. आपला जिल्हा साखर कारखान्यांचा. हंगामाआधी तोडणी-वाहतूक ठेकेदारांना उचल दिली जाते आणि गाळप सुरू झालं की ती त्यांच्या बिलांतून कापली जाते. ही येणी एकदा नीट तपासायला बसा. करारावरची सही, जामीनदार, वाहनाचा नंबर, पैसे गेले ते बँक खातं, आणि मग काट्याच्या वजनपावत्या. एकाच ट्रॅक्टरच्या दोन खेपांच्या वेळा शेजारी ठेवून पाहायच्या. फड चाळीस किलोमीटरवर आणि दुसरी खेप अर्ध्या तासात काट्यावर, तर पेन्सिलीने खूण करायची आणि शेती विभागात जाऊन विचारायचं. पुढे गोदामात पोती मोजायची वेळ येते. थप्पीची रुंदी, खोली, उंची मोजून गुणाकार करणं सोपं असतं. थप्पी आतून भरीव आहे की पोकळ, हे पाहायला वर चढावं लागतं. तीच साखर बँकेकडे तारण असते, त्यामुळे कर्ज-ऑडिटही तिथेच शिकून होतं.

अक्कलकोट रोड एमआयडीसीतही शिकण्यासारखं कमी नाही. सूक्ष्म आणि लघु उत्पादकांचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसल्यास १५ दिवसांत द्यायचे. मुदत चुकली तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिले त्या वर्षीच वजा मिळतो. २०२३ च्या वित्त कायद्याने आलेल्या या तरतुदीने लूमवाले आणि त्यांच्याकडून माल उचलणारे, दोघांचीही उधारीची जुनी घडी विस्कटली. ज्यांचे पैसे द्यायचे आहेत त्यांच्या यादीतून उद्यम नोंदणी (लघुउद्योगांची सरकारी नोंदणी) असलेले उत्पादक एकीकडे आणि व्यापारी दुसरीकडे काढायला एखाद्या मुलीला सांगून पाहा. टॉवेल निर्यातदाराची फाइल, शिपिंग बिलापासून ड्रॉबॅकपर्यंत (निर्यातीवर परत मिळणाऱ्या शुल्कापर्यंत), हा आणखी वेगळा अभ्यास.

अडचण एवढीच की ही सगळी कामं एका ऑफिसात नसतात. कुणाकडे कारखाने, कुणाकडे नागरी बँका, कुणाकडे निर्यातदार. त्यावर नियमांतच उपाय आहे. आर्टिकलच्या संमतीने त्याला काही काळ दुसऱ्या सीएकडे सेकंडमेंटवर पाठवता येतं. शेवटच्या वर्षात नऊ ते बारा महिने उद्योगातलं प्रशिक्षणही घेता येतं. तरी सोलापुरात सेकंडमेंटचं नाव काढलं की समोरचा गप्प होतो. कारण सगळ्यांना ठाऊक आहे: मुलगा गेला तर त्याच्यामागोमाग क्लायंटही जाईल ही धास्ती. मला ती फाजील वाटते. ज्याला क्लायंट न्यायचा आहे तो लग्नाच्या पंगतीतही नेतो!

सीएंची संस्था असलेल्या आयसीएआयच्या सोलापूर शाखेला माझी विनंती आहे की, कोणत्या फर्मकडे कोणतं खास काम आहे आणि ती किती आर्टिकल घेऊ शकते, याची यादी करावी. टॅक्स ऑडिटची धावपळ सरली की कारखान्यांचे बॉयलर पेटतात, म्हणजे साखरेच्या कामासाठी मुलं नेमकी तेव्हाच मोकळी होतात. यंदाच्या हंगामापुरती दोन-चार फर्मनी जरी आपसांत अदलाबदल केली तरी सुरुवात होईल. आमच्या ऑफिसातून दुसऱ्या वर्षाची एक आर्टिकल पाठवायला मी तयार आहे. बदल्यात नागरी बँकेच्या ऑडिटला बसलेला कुणी मिळाला तर उत्तम.

आपला,
एक सीए वाचक, जुळे सोलापूर