शाल नको, मजुरी ठरवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शिवाजी उद्यमनगरात माझं दोन लेथचं शॉप आहे. फौंड्रीतून कास्टिंग, म्हणजे ओतलेला भाग येतो, मी तो लेथवर फिरवून मापात कातून देतो. उधारी कधीकधी बुडते. पण मजुरी न ठरवता जॉब लेथवर चढवला, असं तीस वर्षांत झालं नाही.

माझी मुलगी स्वतः गाणी लिहिते, चाल लावते आणि गिटारवर गाते. पहिलं गाणं २०१९ च्या महापुरातलं. घरात पाणी शिरलं म्हणून आम्ही राजारामपुरीत मेव्हण्याकडे होतो. अकरावीतली पोर जिन्यात बसून वहीच्या मागच्या पानावर काहीतरी खरडत होती. मला वाटलं रडगाणं असणार. निघालं शेजाऱ्यांच्या पत्र्यावर अडकलेल्या कोंबडीवर!

मागच्या दिवाळी पहाटेला एका मंडळानं तिला बोलावलं. मानधनाचं विचारलं तर, “बघू की काका, आपलीच पोरगी हाय.” तिनं स्वतःची सहा गाणी कळवली होती. स्टेजमागं गेल्यावर सांगितलं, आधी सिनेमातली म्हण, नाहीतर पब्लिक उठतंय. तुझं एखादं शेवटी. शेवटी पाहुणे आले आणि भाषण झालं. मंडपवाल्याला आणि साऊंडवाल्याला माझ्यादेखत पाकिटं दिली. त्यांच्यावर राग नाही, पहाटे तीनला बॉक्स त्यांनीच उचलले होते. पोरीला शाल, नारळ आणि फोटो. अशा नऊ शाली साठल्यात. एक आमची मंडळी इस्त्रीखाली अंथरतात.

ॲपवर टाका, पैसे येतील, असं सगळे सांगतात. टाकलंय. एका मोठ्या ॲपचा २०२४ पासून नियम आहे : मागच्या बारा महिन्यांत गाणं १,००० वेळा तरी वाजलं पाहिजे, नाहीतर त्या गाण्याचे पैसे नाहीत. आणि ३० सेकंदांच्या आत पुढं सरकवलं तर ते वाजणं धरतच नाहीत. कोंबडी हजाराच्या पुढं गेली, बाकीची पाच अजून पत्र्यावरच.

मग एका कंपनीचा करार आला. एकरकमी दहा हजार, सर्व हक्क कायमचे. पोरगी सही करायला निघालेली. ओळखीच्या वकिलांना दाखवला तर ते म्हणाले, कॉपीराइट कायद्यात २०१२ ला दुरुस्ती झाली आहे. गाण्याचे हक्क विकले तरी शब्द आणि चाल ज्यांची, त्यांचा रॉयल्टीतला निम्मा वाटा कंपनीला लिहून घेता येत नाही. मला हे लगेच पटलं. कास्टिंग हजार निघोत, ज्या नमुन्यावरून ती ओततात तो पॅटर्न ज्याचा त्याचाच राहतो. कंपनीला तसं कळवलं, तेव्हापासून फोन नाही.

आपण कोल्हापूरला कलापूर म्हणतो, कार्यक्रमात अल्लादिया खाँसाहेबांचं नाव घेतो. शाहू महाराजांनी त्यांना दरबारात गवई म्हणून ठेवलं, ते काय शाल-नारळावर?

मंडळांनी आणि कॉलेजांनी बोलावताना आकडा आधी सांगावा. पाचशे असला तरी चालेल, आम्हाला परवडतं का ते आम्ही बघू. आणि पोरीची दोन तरी गाणी मध्यावर ठेवावीत, लोक जागेवर असताना.

सत्काराला शाली कमी पडत असतील तर आठ चांगल्या आहेत. शॉपवरून घेऊन जाव्यात.

आपला,
एक टर्नर, कोल्हापूर