राजगडाचा कातळ काळाच ठेवल्याबद्दल

प्रिय काका,

सा. न. वि. वि.

पत्र असं चारचौघांत लिहितेय, कारण गेल्या महिन्यात निदान दहा जणांनी विचारलं, "तुझ्या फोटोतला हिरवा इतका खरा कसा दिसतो? कुठलं प्रीसेट वापरतेस?" प्रीसेट, म्हणजे रंगांचं आयतं सेटिंग, कसलं! सदाशिव पेठेतल्या एका बोळात, झेरॉक्सच्या दुकानावरच्या माळ्यावर, फोटोंचे रंग नीट करून प्रिंट काढून देणाऱ्या लॅबमध्ये एक काका बसतात, हे प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच सांगून टाकते. नाव मात्र लिहीत नाही. "जाहिरात नको, आहे तेच काम उरकत नाही," असं तुम्ही बजावलंय.

मी घेऊन आले होते तो फोटो तुम्हाला आठवेल. राजगडाच्या संजीवनी माचीवरून दिसणारा तोरणा, खाली भातखाचरं, पुढ्यात चिलखती बुरुजाचा ओला दगड. ऑगस्टमधला ढगाळ दिवस. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर बाबांचे गड बंद झाले, म्हणून त्यांच्या खोलीत लावायला 12 बाय 18ची प्रिंट हवी होती. एका दुकानातून आधी काढून आणलेली गडद, शेवाळी आली होती आणि सगळा दोष दुकानदाराच्या माथी मारून मी मोकळी झाले होते.

तुम्ही फाईल उघडलीत, चष्मा कपाळावर सरकवलात आणि म्हणालात, "बिलियर्डच्या टेबलावर तोरणा कोणी ठेवला?"

खरं सांगते, राग आला होता. रात्री दोन तास जागून मी ते स्लायडर ओढले होते. सॅच्युरेशन (रंगांचा भडकपणा), डीहेझ (लांबचं धुकट पुसणारा), सगळं उजवीकडे. तुम्ही काही न बोलता कर्सर बुरुजाच्या दगडावर नेलात आणि कोपऱ्यातले लाल, हिरवा, निळा यांचे आकडे वाचायला लावलेत. लाल सगळ्यात कमी, निळा सगळ्यात जास्त. "आपला कातळ निळा असतो का गं?" ढगाळ उजेडानं दगडावर थोडी निळसर छटा आलीच होती, मी सगळ्याच रंगांना पाणी घातल्यावर तीही फोफावली. डोळा हिरव्याकडे होता, त्यामुळे मला ती दिसलीच नाही. दिसलं एवढंच की काहीतरी आजारी आहे, आणि त्यावर उपाय म्हणून मी आणखी सॅच्युरेशन चढवत होते!

मग माझी सगळी मेहनत पुसून तुम्ही मूळ रॉ फाईल मागितलीत, म्हणजे कॅमेऱ्यानं टिपलेली कच्ची नोंद. (नशीब, कॅमेरा जेपेग आणि रॉ दोन्ही साठवत होता.) जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या 256 पायऱ्या, 14 बिटांच्या रॉमध्ये 16,384, रंग ताणायचे असतील तर कापड आधी पुरेसं हवं, नाहीतर आकाशात पट्टे पडतात, हे तुम्ही चहा गाळता गाळता सांगितलंत. आधी व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाची छटा काढून टाकणं. बुरुजाच्या दगडावर तिन्ही आकडे जवळपास सारखे येईपर्यंत. तेवढ्यानंच खाचरांवरचं मळभ गेलं, आणि अजून रंग वाढवायला हातसुद्धा लावला नव्हता.

त्यानंतरची दहा मिनिटं मी विसरणार नाही. फोटोशॉपमध्ये तुम्ही फाईल लॅब मोडमध्ये नेलीत. (तुमच्या लॅबशी याचा संबंध नाही, हे मला तेव्हा कळलं.) एल म्हणजे नुसता उजेड-अंधार, ए म्हणजे हिरव्यापासून किरमिजीपर्यंत, बी म्हणजे निळ्यापासून पिवळ्यापर्यंत. 1976 साली ठरलेली ही मोजणी, आणि मी मात्र रोज स्लायडर ओढूनही तिच्या वाटेला कधी गेले नव्हते. ए आणि बीच्या कर्व्हची, म्हणजे रंग कमी-जास्त करायच्या तिरक्या रेघेची, दोन्ही टोकं तुम्ही सारख्याच अंतरानं आत सरकवलीत. रेघ उभट झाली, पण मधोमधच्या बिंदूतूनच गेली. तो बिंदू म्हणजे राखाडी. तो हलला नाही म्हणून दगड दगडच राहिला, आणि बाकीचे रंग त्याच्यापासून आणि एकमेकांपासून लांब गेले.

माझा एकच एक हिरवा गोळा तिथं फुटला. कारवीचा काळसर हिरवा वेगळा, कड्यावरच्या गवताचा पिवळट वेगळा, भाताचा कोवळा वेगळा. "रंग वाढवायचा नसतो, रंगांची भांडणं सोडवायची असतात," असं काहीसं तुम्ही पुटपुटलात. आता लहानसहान कामं मी रंगवार स्लायडरवरच करते, पण तेही तुमच्याच हिशेबानं: गवताचा हिरवा बराचसा पिवळ्या स्लायडरमध्ये सापडतो, हिरव्यात नाही. ही एक गोष्ट कळली असती तर माझी तीन वर्षं वाचली असती.

डीहेझवरून मात्र मी वाद घातला होता. तोरणा स्पष्ट दिसायला नको का? तुम्ही म्हणालात, "लांबचा डोंगर निळाच दिसायचा, मधे एवढी हवा आहे. तू त्याला ओढून आपल्या अंगणात आणलंयस. जाऊ दे त्याला जागेवर." तोरणा परत फिकट निळा झाला आणि पुढचा बुरूज एकदम जड वाटायला लागला. वाद मी हरले, आणि हरल्याचं तेव्हा कबूल केलं नव्हतं, ते आता करते.

कागदावर प्रिंट काळपट का येते, याचंही उत्तर माझ्याच घरात निघालं. लॅपटॉपचा उजेड पूर्ण चढवून मी एडिट करत होते. कागदामागे दिवा नसतो. त्या दुकानदाराची मी मनातल्या मनात माफी मागितली.

बाबांनी प्रिंट हातात घेऊन बराच वेळ पाहिली. छान वगैरे काही म्हणाले नाहीत. विचारलं, "पाऊस आत्ताच उघडला होता ना?" हो. आम्ही बुरुजाच्या आडोशाला चिंब उभे होतो आणि उघडीप मिळाल्या मिळाल्या हा काढला होता. बिलियर्डच्या टेबलात हे त्यांना दिसलं असतं का, शंकाच आहे.

आणि एक कबुली. सप्टेंबरात कासला गेले होते, आणि तुमचा मंत्र जपत खडकावर कर्सर ठेवून व्हाइट बॅलन्स केला. सगळं पठार निळंशार, पिवळी सोनकीसुद्धा विटल्यासारखी! अर्धा तास डोकं खाजवल्यावर उजेड पडला: तिथला खडक जांभा, मुळातच तांबूस, आणि मी त्याला राखाडी मानून बसले होते. शेवटी पांढऱ्या गेंदाच्या फुलांवर बेतून जमवलं. बरोबर की चूक, ते तुम्हीच बघा.

त्या दिवशी चार टेस्ट पट्ट्या काढल्यात आणि पैसे एकाच प्रिंटचे घेतलेत, हेही मला माहीत आहे. शनिवारी कासच्या फाइली घेऊन येते. चहा या खेपेला माझ्याकडून.

तुमची,
बिलियर्डवाली